शुभवर्तमान नेमकं कधी लिहिलं? सनाचा दावा तपासायची रीत

२०१२ साली अमेरिकेतल्या एका जाहीर वादसभेत एका नामवंत अभ्यासकाने सांगून टाकलं, की मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) पहिल्या शतकातला तुकडा सापडला आहे आणि लवकरच तो छापून येणार आहे. पुढची सहा वर्षं ही बातमी प्रवचनांतून, पुस्तकांतून, फॉरवर्ड होणाऱ्या निरोपांतून फिरत राहिली. २०१८ मध्ये इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस इथल्या पपायरसांच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांच्या) ८३व्या खंडात तो तुकडा खरोखर प्रसिद्ध झाला. मार्कच्या पहिल्या अध्यायातली जेमतेम काही वचनं आणि संपादकांनी ठरवलेला काळ दुसऱ्या शतकाची अखेर ते तिसऱ्याची सुरुवात. मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींत त्याची आजही गणना होते, पण ‘पहिलं शतक’ मात्र विरून गेलं.

असा दावा पुढच्या वेळी कानावर आला की काय करायचं, त्यासाठी हा लेख. ग्रीक यायला हवं असं नाही. बायबलचं मराठी भाषांतर, जोसेफस या यहुदी इतिहासकाराचं एखादं इंग्रजी भाषांतर (१७३७ सालचं व्हिस्टनचं फुकट मिळतं, भाषा जुनाट आहे पण काम भागतं) आणि एक साधी वही एवढ्यावर सुरुवात होते. वहीत आडवं पान घेऊन चार रकाने आखा: घटना, रचना, संपादन, प्रत. निम्मे वाद हे रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

आधी विचारा: कशाची तारीख?

मराठी वाचकाला हा फरक नवा नाही. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मधली, म्हणजे १२९० ची. एकनाथांनी पाठ शुद्ध केला १५८४ मध्ये. एखाद्या मठातली पोथी कदाचित अठराव्या शतकात उतरवलेली असते. ‘ही ज्ञानेश्वरी केव्हाची?’ या प्रश्नाला म्हणून तीन खरी उत्तरं आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण गोव्यात राशोल इथे १६१६ मध्ये छापलं गेलं. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतली एकही छापील प्रत आज हाती नाही, आपण वाचतो ते पुढच्या हस्तलिखितांवरून. अवघ्या चारशे वर्षांपूर्वीच्या छापील ग्रंथाची ही गत, मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या, हाताने उतरवलेल्या लिखाणाची काय सांगावी?

नव्या करारातल्या एकाही पुस्तकाची मूळ लेखकाच्या हातची प्रत उरलेली नाही. जवळजवळ संपूर्ण बायबल सांभाळणारे सिनाई आणि व्हॅटिकन हे दोन मोठे ग्रंथ चौथ्या शतकातले. त्या दोन्हींत मार्कचं शुभवर्तमान १६:८ वर (सोळावा अध्याय, आठवं वचन) थांबतं, आपल्या छापील प्रतींतली पुढची बारा वचनं तिथे नाहीत. तेव्हा ‘मार्क इ.स. ७० च्या सुमाराचा’ हे विधान त्या बारा वचनांना लागू होत नाही. त्यांना वहीत वेगळी ओळ द्या.

मग खुंटी शोधा

सन लिहायची पद्धत तेव्हा आजच्यासारखी नव्हती. आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं नव्या करारात आहेत, पण एकाही पत्रावर तारीख नाही. म्हणून बाहेरची एखादी पक्की खुंटी लागते, तिला दोरी बांधून मागेपुढे मोजायचं. आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासातली सर्वांत पक्की खुंटी ग्रीसमधल्या डेल्फीच्या दगडात आहे. तिथे जरा थांबू, कारण ही रीत एकदा हातात बसली की बाकीचं सोपं जातं.

प्रेषितांच्या कृत्यांत (पहिल्या ख्रिस्ती प्रचारकांची हकीकत सांगणारं नव्या करारातलं पुस्तक) १८:१२ मध्ये म्हटलंय की गल्लियो अखया या ग्रीसमधल्या रोमन प्रांताचा अधिकारी असताना यहुद्यांनी पौलाला करिंथमध्ये न्यायासनापुढे आणलं. हा गल्लियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. आता दगड. डेल्फीत रोमन सम्राट क्लौद्याच्या पत्राचे फुटके तुकडे मिळाले, त्यांतले पहिले १९०५ मध्ये ओळखले गेले. त्यात गल्लियोचं नाव येतं आणि सम्राटाचा २६वा जयघोष झाल्याची नोंद येते. युद्धातल्या विजयानंतर सैन्य सम्राटाचा जयघोष करी आणि त्या जयघोषांचा आकडा पदव्यांच्या रांगेत लिहिला जाई. रोममधल्या एका जलवाहिनीच्या शिलालेखावरून १ ऑगस्ट ५२ पर्यंत २७वा जयघोष होऊन गेला होता हे माहीत आहे. म्हणजे पत्र त्याआधीचं, ५२ च्या पूर्वार्धातलं किंवा फार तर ५१ च्या अखेरचं. अखयासारख्या प्रांताचा अधिकारी उन्हाळ्यात रुजू होई आणि साधारण वर्षभर राही. हिशेब जुळतो तो ५१ ते ५२ या वर्षाशी. (सेनेका एका पत्रात सांगतो की भावाला अखयात ताप भरला तसा तो तडक जहाजावर चढला. त्यामुळे पूर्ण वर्षही काढलं नसेल कदाचित.)

आता दोरी मागे ओढा. त्याच अध्यायात पौल करिंथमध्ये दीड वर्ष राहिल्याचं येतं, म्हणजे तो तिथे ४९-५० च्या सुमारास पोहोचला. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र त्याने तिथूनच लिहिलं असं बहुतेक अभ्यासक धरतात, म्हणून ते ५० च्या आसपासचं. नव्या करारातलं हे बहुधा सर्वांत जुनं लिखाण. गलतीकरांच्या पत्रात पौल स्वतः सांगतो: पालट झाल्यावर (ख्रिस्ताकडे वळल्यावर) तीन वर्षांनी यरुशलेमेस गेलो (१:१८) आणि चौदा वर्षांनी पुन्हा (२:१). ती दुसरी भेट ४९ च्या सुमाराची धरून वजाबाकी केली तर पालट ३२ ते ३५ मध्ये येतो. इतकी ढिलाई का? चौदा वर्षं पालटापासून मोजायची की पहिल्या भेटीपासून, हे वाक्यावरून ठरत नाही. शिवाय त्या काळी अर्धवट वर्षही पूर्ण धरत. ज्याला या हिशेबातून एकच सन काढून हवा असेल, त्याला ते देणारा माणूस भेटेल. तुम्ही वहीत ‘३२–३५’ असंच लिहा.

दोरी कुठे कमकुवत आहे तेही टिपून ठेवा. दगड पक्का आहे, पौलाचं पत्रही त्याचंच आहे, पण दोघांना जोडणारा गल्लियोचा प्रसंग कृत्यांमधून येतो आणि कृत्यांचा लेखक पौल नव्हे, परंपरेने तो लूक.

दोन शिवा

खुंटी नसेल तिथे शेताला असतात तशा दोन शिवा आखाव्या लागतात. ग्रंथ ज्याच्या आधी असूच शकत नाही ती पूर्वसीमा, आणि ज्याच्यानंतर असूच शकत नाही ती उत्तरसीमा. पूर्वसीमा ठरते ग्रंथाला ठाऊक असलेल्या सर्वांत अलीकडच्या गोष्टीवरून. उत्तरसीमा ठरते त्या ग्रंथाचा दुसऱ्या कोणी निर्विवाद वापर केला त्यावरून.

उत्तरसीमा ऐकायला सोपी वाटते. इरेनेयस हा लिओंचा बिशप १८० च्या सुमारास चारही शुभवर्तमानांची नावं घेऊन बोलतो, म्हणजे चौघांचीही शीव तिथे पडली. त्याच्या मागे सरकलं की जमीन भुसभुशीत होते. जस्टिन हा ख्रिस्ती लेखक १५० च्या दशकात ‘प्रेषितांच्या आठवणीं’तून उतारे देतो, पण पुस्तकाचं नाव घालत नाही. त्याच सुमारास मार्कियोन या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती गुरूचं एक शुभवर्तमान प्रचारात होतं. त्याने लूकचं छाटलं, असं त्याचे विरोधक सांगतात आणि बहुसंख्य अभ्यासकही तेच मानतात. पण मथियास क्लिंगहार्ट आणि मार्कुस विन्झेंट हे आजचे जर्मन अभ्यासक उलटं म्हणतात: मार्कियोनचा पाठ आधीचा, आपला लूक त्यावर वाढवलेला. ते खरं ठरलं तर उत्तरसीमेचा दगडच पलीकडच्या शेतात जातो. मला ही मांडणी पटलेली नाही. पण शिवेचा दगडही कोणीतरी रोवलेला असतो, हे तिच्यामुळे ध्यानात राहतं.

इ.स. ७० ची कसोटी

रोमन सैन्याने ७० साली यरुशलेमचं मंदिर जाळलं. या तारखेवर वाद नाही, म्हणून सगळे वाद तिच्याभोवती घोटाळतात. मार्क १३:२ मध्ये येशू मंदिराकडे बघून म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. ही भविष्यवाणी आधी केलेली, की घडून गेल्यावर लिहिलेली?

इथे बहुतेक वादविवाद श्रद्धा विरुद्ध अश्रद्धा असे घसरतात. तो फाटा टाळा. मंदिर पडेल असं त्या काळी दुसऱ्या माणसांनीही म्हटलं होतं. जोसेफस एका हनन्याच्या मुलाची, येशू याच नावाच्या एका खेडुताची, गोष्ट सांगतो, तो ६२ पासून ‘यरुशलेमचं वाटोळं’ असं ओरडत हिंडत होता. तेव्हा भाकीत करायला चमत्कार लागत नाही, आणि भाकीत आहे एवढ्यावरून ग्रंथ ७० नंतरचा ठरत नाही. खरा प्रश्न असा: तपशील कोणाला कशामुळे सुचला?

मार्क १३ शेजारी लूक १९:४३-४४ आणि २१:२० उघडा. मार्कमध्ये ‘ओसाडीचा अमंगळ पदार्थ’ आणि वाचणाऱ्याने समजून घ्यावं असा गूढ इशारा आहे. लूकमध्ये त्याच जागी यरुशलेमेभोवती सैन्याचा वेढा, मेढेकोट, चहूकडून कोंडी. लूकने घडलेली गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून शब्द स्पष्ट केले, हा नेहमीचा निष्कर्ष. सी. एच. डॉड यांनी १९४७ मध्ये त्याला खोडा घातला: लूकचे हे शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात यरुशलेमच्या पहिल्या पाडावाचं जे वर्णन आहे त्यातून येतात, ७० साली वेढा घालणाऱ्या रोमन सेनापती टायटसच्या सैन्याकडे बघायची गरज नाही. मत्तय २२:७ मध्ये मेजवानीच्या दृष्टान्तात राजा एकाएकी सैन्य पाठवून नगर जाळतो. जेवण निवतंय आणि इकडे राजाची स्वारी! दृष्टान्तात ते इतकं ओढूनताणून बसवलेलं आहे की मला तरी तिथे ७० सालचा धूर दिसतो. उलट बाजूचे म्हणतात, नगरं जाळणारे राजे ही जुनी कथारूढी. आणि मार्क? त्यात आगीचा उल्लेखही नाही. घडून गेल्यावर लिहिणाऱ्याने आग वगळली असती का? शिवाय जेम्स क्रॉसली यांनी २००४ मध्ये त्या ‘अमंगळ पदार्था’चा संबंध कलिगुला सम्राटाशी जोडून मार्कला थेट ४० च्या आसपास नेऊन बसवलं. त्या सम्राटाने ३९-४० मध्ये मंदिरात आपला पुतळा बसवायचा घाट घातला होता.

बहुसंख्यांचं मत: मार्क ६५ ते ७५, मत्तय आणि लूक ८० ते ९०, योहान ९० ते १००. मत म्हणून हे आकडे टिपून ठेवा, मोजमाप म्हणून नव्हे.

कोणी कोणाचं बघून लिहिलं?

मार्कमधल्या सुमारे ६६० वचनांपैकी ६०० हून अधिक वचनांचा मजकूर मत्तयात सापडतो, पुष्कळदा शब्दही तेच. परीक्षेत दोन पेपर इतके जुळले तर पर्यवेक्षक एकच प्रश्न विचारतो: मूळ कोणाचा? उत्तर चुकांमधून मिळतं. मार्क १:२ मध्ये ‘यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात लिहिलं आहे’ असं म्हणून दिलेलं पहिलं वाक्य यशयाचं नाहीच, ते मलाखीशी जुळतं. मत्तय ३:३ मध्ये फक्त यशयाचं वाक्य उरतं, चूक गायब. मार्क ६:५ म्हणतो की नासरेथात येशूला एकही अद्भुत कृत्य करता आलं नाही (आणि लगेच जोडतो, थोड्या आजाऱ्यांना बरं केलं तेवढंच). मत्तय १३:५८ म्हणतो, त्याने तिथे फारशी कृत्यं केली नाहीत. ‘करता आलं नाही’चं ‘केलं नाही’ करणारा हात समजतो, उलट दिशेने जाणारा समजत नाही. कोणीही चांगली दुरुस्त केलेली प्रत मुद्दाम बिघडवत बसत नाही.

घरी करायचा प्रयोग: एकच प्रसंग तिन्ही शुभवर्तमानांतून तीन रकान्यांत उतरवून काढा, जुळणारे शब्द तांबड्या पेन्सिलीने खुणवा. एक संध्याकाळ पुरते. मत्तय आणि लूक यांच्यात मार्कला नसलेला मजकूर कुठून आला, हा मोठा वाद इथूनच सुरू होतो: हरवलेलं एक वचनसंग्रहाचं लिखाण, की लूकने मत्तय पाहिला? तारखेच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की मार्क एखाद्या वर्षाने सरकला की दोघेही त्याच्यामागून सरकतात. लूक तर पहिल्याच वाक्यात सांगतो की हे काम पुष्कळांनी आधी हाती घेतलंय.

थुदासचा पेच

कृत्यांची तारीख ठरवताना एक मोह हटकून होतो. पुस्तक पौलाला रोममध्ये दोन वर्षं भाड्याच्या घरात ठेवून संपतं, खटल्याचा निकाल नाही, मृत्यू नाही. मग ते ६२ च्या सुमाराला, निकाल लागण्यापूर्वीच लिहिलं असणार! आडॉल्फ फॉन हार्नाकसारखा मोठा जर्मन विद्वान आधी उशिराची तारीख देत होता, तो १९११ मध्ये याच बाजूला आला. पण २०:२५ वाचा, पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना (पुढाऱ्यांना) सांगतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. शेवट माहीत असलेला लेखक बोलतोय असं पुष्कळांना तिथे वाटतं.

आता प्रेषितांची कृत्ये ५:३६-३७. साल ३० च्या दशकातलं. गमलियेल हा यहुदी शास्त्री सभेत सांगतो: पूर्वी थुदास उठला, चारशे माणसं त्याला मिळाली, तो मारला गेला. ‘त्याच्यानंतर’ नावनिशीच्या (शिरगणतीच्या) दिवसांत यहूदा गालीलकर उठला. जोसेफसच्या ‘यहुद्यांचा प्राचीन इतिहास’च्या विसाव्या भागात थुदास आहे, पण फादस हा सुभेदार असताना, म्हणजे ४४ ते ४६ मध्ये. गमलियेलच्या भाषणानंतर दहाएक वर्षांनी! आणि यहूदाचं बंड इ.स. ६ च्या शिरगणतीचं, थुदासच्या बऱ्याच आधीचं. क्रम उलटा कसा झाला? जोसेफसचं पुढचं परिच्छेदच उघडून बघा. थुदासनंतर तो पुढच्या सुभेदाराने यहूदाच्या मुलांना क्रुसावर चढवल्याचं सांगतो आणि जाता जाता बापाची, शिरगणतीच्या बंडाची, ओळख करून देतो. घाईने वाचलेल्या किंवा अर्धवट आठवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आधी थुदास, मग यहूदा असाच क्रम बसेल.

जोसेफसने ते पुस्तक ९३-९४ मध्ये पुरं केलं. लूकने ते वापरलं असेल तर कृत्यांची पूर्वसीमा तिथे गेली. रिचर्ड परव्हो यांनी २००६ मध्ये असे दुवे गोळा करून कृत्यांना ११५ च्या आसपास नेलं. विरुद्ध बाजूकडेही माल आहे: जोसेफस चारशे हा आकडा देत नाही, थुदास नावाचा दुसरा कोणी असू शकतो, दोघांनी एकच कानगोष्ट ऐकलेली असू शकते. वहीत मी या पेचाला ‘जड, पण निर्णायक नाही’ असा शेरा मारलाय.

अक्षरावरून वय

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पत्त्याएवढा एक तुकडा आहे, सुमारे ९ सेंमी उंच, ६ सेंमी रुंद. दोन्ही बाजूंना सात-सात ओळींचे अवशेष. पुढे योहान १८:३१-३३, मागे १८:३७-३८, म्हणजे पिलाताच्या ‘सत्य काय आहे?’ या प्रश्नाच्या आसपासचा मजकूर. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं आहे म्हणून ती गुंडाळी नसून वहीसारखा बांधलेला ग्रंथ होता, हे कळतं. बर्नार्ड ग्रेनफेल यांनी तो १९२० मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतला, सी. एच. रॉबर्ट्स यांनी १९३५ मध्ये छापला आणि दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध असा काळ दिला. ट्युबिंगनच्या बाउर यांनी एकोणिसाव्या शतकात योहानला दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ढकललं होतं, तो निकाल या चिठोऱ्याने फिरवला असं कित्येक पाठ्यपुस्तकं सांगतात. पुढे लोकांनी ‘पूर्वार्ध’चं ‘१२५’ केलं आणि सनाभोवतीचा ‘सुमारे’ गाळला.

अक्षरावरून वय कसं काढतात? करार, अर्ज, पावत्या यांवर सम्राटाच्या राजवटीचं वर्ष असतं. त्यांतलं वळण आणि आपल्या तुकड्यातलं वळण जुळवायचं. मोडीतली कागदपत्रं हाताळणारे हे काम रोज करतात: शिवकालीन वळण आणि पेशवाईचं वळण नजरेला कळतं, पण नेमकं वर्ष अक्षर सांगत नाही. एक माणूस चाळीस वर्षं एकाच वळणाने लिहितो, आणि त्याचा शिष्य पुढची चाळीस.

रॉबर्ट्स यांनी जुळवणीसाठी घेतलेल्या नमुन्यांत एगर्टन पपायरस, म्हणजे एका अनोळखी शुभवर्तमानाचे तुकडे, होता. त्यावर मुळात तारीखच नव्हती, त्याचा काळही अक्षरावरूनच १५० च्या सुमाराचा ठरवलेला. १९८७ मध्ये त्याच ग्रंथाचा आणखी एक तुकडा कोलोनच्या संग्रहात ओळखला गेला आणि त्यात दोन व्यंजनांमध्ये अपॉस्ट्रॉफीसारखी एक छोटी खूण दिसली. ही खूण तिसऱ्या शतकात रूढ झालेली. एगर्टन २०० च्या आसपास सरकला, तसा त्याला टेकून उभा असलेला चिठोराही डळमळला. ब्रेंट नॉंगब्री यांनी २००५ मध्ये तारीख असलेली कागदपत्रं शेजारी मांडून दाखवलं की हे वळण दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिसऱ्याच्या सुरुवातीलाही बसतं.

तपासताना म्हणून तीन गोष्टी विचारा. तुलनेचे नमुने तारखेचे होते का? दिलेला काळ निदान पन्नास-शंभर वर्षांचा आहे का? आणि तो काळ देणाऱ्याला त्या तुकड्यातून काही सिद्ध करायचं होतं का? योहानचं शुभवर्तमान त्यामुळे उशिराचं ठरत नाही, हेही तितकंच खरं. एक पुरावा दुबळा झाला, एवढंच.

प्रयोगशाळेचा अहवाल आला म्हणजे झालं?

सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी रोममधल्या परिषदेत इजिप्तमधल्या जुन्या कॉप्टिक भाषेतला एक तुकडा मांडला, त्यात येशूच्या तोंडी ‘माझी बायको’ असे शब्द. २०१४ मध्ये चाचण्या झाल्या. पपायरस सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा निघाला, शाईही जुन्या काजळी शाईशी जुळणारी. झालं, खरा! पण कार्बन-चाचणी पपायरसचं वय सांगते, त्यावर लिहिल्याचं नाही. जुना कोरा पपायरस बाजारात मिळतो आणि काजळी घरी पाडता येते.

गाठ सुटली भाषेने. त्याच संग्रहातून, त्याच हाताचा दिसणारा योहानच्या शुभवर्तमानाचा एक कॉप्टिक तुकडा आला होता. ख्रिश्चन आस्केलंड यांच्या ध्यानात आलं की त्यातल्या ओळी १९२४ साली छापलेल्या एका आवृत्तीतल्या एकाआड एक ओळींशी तंतोतंत जुळतात. जिथे छापील ओळ तुटते तिथेच ही तुटते. शिवाय त्यातली बोली पपायरस बनायच्या कितीतरी आधी लिखाणातून गेलेली. २०१६ मध्ये पत्रकार एरियल सबार यांनी तुकड्याच्या मालकीचा माग काढला, तेव्हा किंग यांनीही तो बनावट असण्याकडेच पुरावा झुकतो असं मान्य केलं. तुकडा कोणाकडून, कोणत्या कागदपत्रांनिशी आला, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या आधी विचारायचा, तो शेवटी विचारला गेला.

ऐकीव साक्ष

पापियास हा हिएरापोलिसचा बिशप, काळ साधारण ११० ते १३०. मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषा होता आणि त्याने आठवेल तसं लिहिलं, ही माहिती त्याच्याकडून येते. त्याचे पाच ग्रंथ हरवले. आपल्याला त्याचे उतारे मिळतात ते मुख्यतः चौथ्या शतकातल्या युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराकडून, आणि युसेबियस त्याला बेताच्या बुद्धीचा म्हणतो. ‘पापियास म्हणतो’ असं कोणी लिहिलं की मनात ‘असं युसेबियस म्हणतो’ ही जोड द्यायची.

आणि दावा करणाऱ्याचं काय? लवकरची तारीख म्हणजे श्रद्धाळू, उशिराची म्हणजे नास्तिक, असं खातं मांडू नका. १९७६ मध्ये सगळा नवा करार ७० पूर्वीचा आहे असं लिहिणारे जॉन रॉबिन्सन हे बिशप असूनही आपल्या उदारमतवादी मतांमुळे चर्चमध्ये वादळ उठवलेले गृहस्थ. हार्नाकही पुराणमतवादी नव्हता. माणूस कळला तरी पुरावा वेगळाच तपासावा लागतो.

आता स्वतः करून बघा

सरावाला मी क्लेमेंटचं पहिलं पत्र देतो, रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं. ते फार लांब नाही आणि त्यात दोन्ही बाजूंचा माल आहे. पुस्तकांत तारीख ९५-९६ अशी छापलेली असते. आधार बहुतेक पहिल्या अध्यायातल्या ‘आमच्यावर ओढवलेल्या अचानक आपत्ती’ या शब्दांचा, त्या म्हणजे दोमितियन सम्राटाने केलेला छळ. शब्द पुन्हा वाचा: त्यात ना सम्राट, ना छळ.

अध्याय ४०-४१ मध्ये यरुशलेमच्या मंदिरातले बळी वर्तमानकाळात येतात. मग पत्र ७० पूर्वीचं? थांबा. जोसेफसही मंदिर जळून वीस वर्षं उलटल्यावर तिथल्या विधींबद्दल वर्तमानकाळात लिहितो. अध्याय ५ मध्ये पेत्र आणि पौल ‘आमच्या पिढीतले’. अध्याय ४४ मध्ये प्रेषितांनी नेमलेले वडील मरण पावले आहेत आणि त्यांच्या जागी दुसरे आले आहेत. अध्याय ६३ मध्ये रोमहून पाठवलेली माणसं तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत मंडळीत वावरलेली. हे सगळं वहीत मांडल्यावर माझा पट्टा ७० ते १०० च्या आसपास राहतो, ९६ या आकड्यावर तो बसत नाही.

जमलं तर दुसरा सराव थोमाच्या कृत्यांचा घ्या, कारण त्यात आपल्या बाजूची वाट आहे. त्यात प्रेषित थोमा हिंदुस्थानात येतो आणि गुंडाफर राजासाठी महाल बांधायचं कबूल करतो. एकोणिसाव्या शतकात त्या राजाची नाणी ओळखली गेली, आणि तख्त-इ-बाहीच्या शिलालेखात त्याच्या राजवटीचं २६वं वर्ष आणि कोणत्यातरी शकाचं १०३ वं वर्ष मिळालं. तो शक विक्रम संवत धरला तर इ.स. ४६ येतं. राजा खरा निघाला, म्हणून ग्रंथ पहिल्या शतकातला असं सांगणारे भेटतील. चार रकाने उघडा. घटना: राजा पहिल्या शतकातला, नाण्यांच्या आधाराने. रचना: सिरियाक भाषेचं केंद्र असलेल्या एदेसा शहराच्या परिसरात, तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. संपादन: सिरियाक आणि ग्रीक पाठ ठिकठिकाणी वेगळे, म्हणजे हात फिरलेला. प्रत: शेकडो वर्षांनंतरची. आणि कोणी लगेच ‘कल्याणला तेव्हापासून ख्रिस्ती होते’ असं पुढे जोडलं, तर त्या वाक्याला नवी ओळ द्या. ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप आहे, हे लिहिणारा कॉस्मस हा व्यापारी प्रवासी सहाव्या शतकातला, आणि ते गाव म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या ओळीची उत्तरसीमा इ.स. ५५० च्या सुमाराची. पूर्वसीमेचा रकाना माझ्या वहीत अजून कोरा आहे.